दोघांतलं बोलणं दोघांत राहू द्या

जनावरांच्या बाजारात लाल कंधारी गोऱ्ह्याचा सौदा होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. गोऱ्ह्याभोवती पंधरा-वीस माणसं उभी असतात. दात पाहून झालेले असतात, चार पावलं चालवूनही झालेलं असतं. मग दलाल खांद्यावरचा रुमाल उलगडतो, मालकाचा हात त्याखाली घेतो आणि बोटं दाबून भाव बोलतो. तोंडातून आकडा निघत नाही. बोलणी चालली आहेत हे भोवतीच्या सगळ्यांना दिसतं. काय ठरलं ते त्या दोन हातांनाच माहीत.

शेतमालाच्या बाजारात ही 'हत्त्या'ची रीत मला मान्य नाही. कापूस असो की सोयाबीन, भाव उघड लिलावात, सगळ्यांना ऐकू येईल असाच ठरला पाहिजे. रुमालाखाली शेतकरी फार नागवला गेला आहे. पण घरातलं दुखणं, लेकीच्या स्थळाची बोलणी, सावकाराचा तगादा, वकिलाचा सल्ला, भावाभावांतला वाटणीचा वाद, या गोष्टींना रुमाल लागतोच. आपल्या लोकांना याची जाण जुनी आहे. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. तिच्यात केवली म्हणजे एक आणि अवारू म्हणजे दोन. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. बाहेरच्या जगाला ते वाचता आले, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केल्यावर.

आता आपलं सगळं बोलणं मोबाईलवर गेलं आणि रुमाल मागेच राहिला. परभणीच्या बसस्थानकावर पाच मिनिटं उभे राहा. स्पीकर लावून बोलणारी माणसं दिसतील. कुणी आधार क्रमांक चार-चार आकडे तोडून मोठ्याने सांगतंय, कुणी बँकेतून आलेला ओटीपी वाचून दाखवतंय, कुणी घर आठ दिवस बंद आहे हे सगळ्या फलाटाला कळवतंय. नंदीग्राम असो की देवगिरी, गाडीच्या डब्यातही हेच. असं बोलणं चोरून ऐकायला कुठलंही यंत्र लागत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे: चारचौघांत स्पीकर बंद करा, फोन कानाला लावा, आणि आकडा सांगायची वेळ आली की "घरी गेल्यावर सांगतो" म्हणा.

लोक मात्र वेगळाच प्रश्न विचारतात. "माझा फोन टॅप होत असेल का हो?" हा प्रश्न वेडगळ नाही. आपल्याच राज्यात त्याला आधार आहे. जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं, की आपला फोन 'अमजद खान' या खोट्या नावाने टॅप केला गेला होता. पुढे २०२२ मध्ये या प्रकारच्या टॅपिंगबद्दल पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात आणि मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदवले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्यायालयात कुणावर काही सिद्ध झालं नाही, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. पण एका लोकप्रतिनिधीचा नंबर भलत्याच माणसाच्या नावाने कागदावर चढला असेल, अशी शंका जाहीरपणे यावी आणि तिचा शेवटपर्यंत निवाडा होऊ नये, ही गोष्ट मला आजही खटकते.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाने जाणून घ्यायला हवं, कारण ते अवघड नाही. सरकारला फोन ऐकण्याचा अधिकार आहे, पण वाटेल तसा नाही. १८८५ च्या तार कायद्यातल्या कलम ५(२) वर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी, पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेत, लगाम घातला. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश हवा. दुसऱ्या मार्गाने माहिती मिळत असेल तर फोन ऐकायचा नाही. आदेशाला मुदत हवी. आणि त्या आदेशांची तपासणी करणारी समिती हवी. आता जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि फोन ऐकण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. चौकट साधारण तीच आहे: एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे अधिकार नसताना कुणाचा संदेश मध्येच पकडणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे नियम नुसते कागदावर राहत नाहीत, याचाही दाखला महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन लाचेच्या प्रकरणात सीबीआयने ऐकला होता. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द ठरवले, कारण सार्वजनिक सुरक्षितता किंवा सार्वजनिक आणीबाणी यांपैकी काहीच तिथे नव्हतं, आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. आरोपी असला तरी त्याचं बोलणं ऐकायला कायदेशीर कारण लागतं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचं हे फळ.

एवढं सांगून मी तुम्हाला दुसरीकडे नेणार आहे. गंगाखेडची शिक्षिका, सेलूचा दुकानदार, मानवतच्या मोंढ्यातला हमाल, कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी, यांचा फोन गृहसचिवाच्या आदेशाने ऐकला जाण्याची शक्यता फारच थोडी. यांचं बोलणं फुटतं ते दोन वाटांनी. एक, ज्याच्या हातात त्यांचा फोन दोन मिनिटं होता तो माणूस. दुसरी, फोनवर गोड बोलून त्यांच्याच बोटांनी कुलूप उघडून घेणारा अनोळखी माणूस. दोन्ही वाटा आपल्याला स्वतः बंद करता येतात, पैसे न देता.

अनोळखी माणसाची एक चाल नीट समजून घ्या. फोन येतो. "तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉयशी जोडतो, स्टार चारशे एक स्टार दाबून हा नंबर टाका." तुम्ही ते दाबलं की तुमच्या फोनवर येणारे सगळे कॉल त्या नंबरकडे वळतात. याला कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. ही सोय खरी आहे, दवाखाने-दुकानं ती रोज वापरतात, म्हणून फोन कुरकुर न करता ऐकतो. मग चोर तुमचं व्हॉट्सअॅप आपल्या फोनवर उघडायला घेतो, "कोड फोन करून सांगा" हा पर्याय निवडतो, आणि तो कॉल तुमच्याऐवजी त्यालाच जातो. बँकेचा खात्री करून घेणारा कॉलही त्यालाच. तुम्हाला फक्त एवढंच जाणवतं, की आज सकाळपासून कुणाचा फोन आला नाही.

हा प्रकार इतका वाढला, की दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून चालू होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं. तरी फोनच्या सेटिंगमधून ही सोय चालू करता येतेच, तेव्हा तपासणं आपल्या हातात ठेवा. स्टार, हॅश, दोन, एक, हॅश असं दाबून कॉल करा. सगळे कॉल कुठे वळवले आहेत का, ते पडद्यावर दिसतं. फोन बंद असताना किंवा उचलला नाही तर वळणारे कॉल कंपनीच्याच व्हॉइसमेलकडे गेलेले दिसू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अनोळखी मोबाईल नंबर दिसला तर मात्र हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश दाबा; सगळी वळणं रद्द होतात. कोड चालला नाही तर कॉलच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' शोधा किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगा.

इथे एक गैरसमज दूर करतो. "हा कोड दाबा, तुमचा फोन टॅप होतोय का ते कळेल," असे संदेश गटागटांतून फिरत असतात. ते खोटं आहे. हा कोड फक्त कॉल वळवले आहेत का तेवढं सांगतो. सरकारी आदेशाने कंपनीच्या यंत्रणेत ऐकलं जाणारं बोलणं कुठल्याही कोडने कळत नाही. बॅटरी लवकर उतरणं, फोन गरम होणं, बोलताना खरखर येणं यांवरूनही ते ठरत नाही; उन्हाळ्यात परभणीत कुणाचा फोन गरम होत नाही?

आता परभणीच्या रस्त्यारस्त्यावर घडणारी गोष्ट. झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रात आपण सातबारा, गुणपत्रक, आधारची प्रत काढायला जातो. कागद फोनवर आलेला असतो. दुकानदार म्हणतो, व्हॉट्सअॅप वेब उघडा. आपण त्याच्या संगणकावरचा चौकोन स्कॅन करतो, प्रिंट निघते, दहा रुपये देतो आणि निघतो. संगणकावर आपलं व्हॉट्सअॅप मात्र उघडंच राहतं. पुढच्या कित्येक दिवसांचे आपले संदेश त्या पडद्यावर येत राहू शकतात. दुकानदार भला असेल, पण तिथे दिवसभरात शेकडो माणसं बसतात. आणि घरातला, वसतिगृहातला, ओळखीतला कुणी हेच मुद्दाम करू शकतो. तुमचा फोन एक मिनिट हातात घ्यायचा, आपल्या संगणकाशी जोडायचा, परत ठेवायचा. पासवर्ड चोरावा लागत नाही की कसलं ॲप टाकावं लागत नाही.

म्हणून व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडा. तिथे जे ओळखीचं नाही त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. मग 'खाते' मध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवा, आणि तो जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नसावा. हा पिन असला म्हणजे कोड हाती लागूनही चोराला तुमचं खातं उघडता येत नाही. जवळच्या माणसाच्या नावावरून "तुझ्याकडे चुकून एक कोड आलाय, पाठव ना" असा निरोप आला, तर तो त्या माणसाचा नाही असंच धरून चाला आणि साधा फोन करून विचारा.

तिसरी चाल लग्नसराईत जोर धरते. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, पण ती चित्र किंवा पीडीएफ नसते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. म्हणजे ती पत्रिका नसून ॲप आहे. कधी हीच फाइल वाहनाच्या चलानाच्या नावाने येते, कधी पीएम किसानच्या हप्त्याच्या नावाने. उघडली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिलीत की बँकेचा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो, आणि तुमच्या नावाने तीच पत्रिका तुमच्या सगळ्या सोयऱ्यांना जाते. कुठलीही खरी पत्रिका तुमचे संदेश वाचायला मागत नाही. गावाकडच्या वडिलांना हे एकदा बसून दाखवा. मायला सांगा, की फाइल उघडण्याआधी नाव शेवटपर्यंत वाचायचं, आणि 'इन्स्टॉल' हा शब्द दिसला की हात थांबवायचा. तरी चुकून उघडली गेली, तर फोनचं नेट आणि वायफाय आधी बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिले तास फार मोलाचे असतात, लाजून दोन दिवस घालवू नका.

सिमकार्डाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या अनेकांच्या फोनमधलं सिम दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतं: भावाच्या, शेजाऱ्याच्या, कधी मुकादमाच्या. घरातल्या बाईचं सिम नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असणं तर इतकं सवयीचं आहे, की त्यात वावगं काही वाटतच नाही. पण सिम ज्याच्या नावावर, तो दुकानात जाऊन "हरवलं" म्हणून त्याच नंबरचं नवं सिम काढू शकतो. त्या क्षणी तुमच्या हातातलं सिम मरतं, आणि तुमचे कॉल, तुमचे ओटीपी, तुमचं व्हॉट्सअॅप त्याच्या हातात जातं. भांडण झालेल्या घरात हे कुणीही करू शकतं. बाईने आपला नंबर आपल्या आधारवर, आपल्या नावावर घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिचं बँक खातं आणि योजनेचे पैसे त्याच नंबराला बांधलेले असतात.

तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी सिम काढलं आहे का, तेही पाहता येतं. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपला नंबर आणि ओटीपी टाकला, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी येते. जे आपलं नाही ते तिथेच कळवता येतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. ज्यांनी आधारची प्रत ठिकठिकाणी देऊन ठेवली आहे त्यांनी ही यादी जरूर पाहावी. आणि चांगली रेंज असलेल्या जागी फोनचं नेटवर्क अचानक गेलं, तासभर आलं नाही, तर "टॉवर गेला असेल" म्हणून बसू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा, नवं सिम तर निघालं नाही ना.

दुरुस्तीला फोन टाकताना स्क्रीनलॉकचा आकडा चिठ्ठीवर लिहून देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. काच बदलायला तो लागत नाही. तपासायला लागलाच तर समोर उभे राहून स्वतः उघडून द्या. काही कंपन्यांच्या फोनमध्ये दुरुस्तीपुरता वेगळा मोड असतो, त्यात तुमचे फोटो आणि संदेश झाकलेले राहतात. तो चालू करा.

आता घरातलं, आणि इथे मला जपून बोलायचं आहे. बायकोच्या, बहिणीच्या, मुलीच्या फोनवर पाळत ठेवणं याला आपल्याकडे 'काळजी' म्हणतात. शहरात शिकायला राहिलेल्या मुलीचं व्हॉट्सअॅप भावाच्या फोनवर जोडलेलं असतं आणि तिला ते माहीत नसतं. लपून बसणारी ॲप टाकून कॉल, संदेश, फिरण्याची जागा पाहिली जाते. मी याला काळजी म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की नवरा-बायकोतलं चोरून रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं घटस्फोटासारख्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येईल. म्हणजे संसारात वाद पेटला असेल, तर फोनवरचा प्रत्येक शब्द उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच बोला.

जिला असा संशय आहे तिने घाईने ॲप काढून टाकू नये. काढलेलं पाहणाऱ्याला कळतं, आणि जिथे मारझोड आहे तिथे ते जिवावर बेतू शकतं. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाला सांगावं. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर आहेत. फोन बदलायचा झाला तर नव्या फोनवर जुनं गूगल खातं तसंच टाकू नये, नवं उघडावं, नाहीतर पाळत त्या खात्यातून मागे येते. शेजारपाजारच्या बायांनी अशा एखादीला आपला फोन दहा मिनिटं वापरायला दिला, तर ती फार मोठी मदत असते.

एवढी दारं लावल्यावर रुमालाकडे येऊ. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना आणि कॉलना एक कुलूप लावलं, ज्याची किल्ली फक्त बोलणाऱ्या दोन फोनांत असते. मधल्या टॉवरला, मोबाईल कंपनीला, खुद्द व्हॉट्सअॅपलाही आतला मजकूर वाचता येत नाही. सिग्नल हे ॲपही असंच काम करतं, आणि ज्या पद्धतीने व्हॉट्सअॅप हे कुलूप लावतं ती मुळात सिग्नलच्या लोकांचीच. हा तंतोतंत गोऱ्ह्याच्या बाजारातला रुमाल: बोलणी चालल्याचं दिसतं, भाव दिसत नाही. साध्या कॉलला आणि एसएमएसला असा रुमाल नाही. त्यांना फोनपासून टॉवरपर्यंत कुलूप असतं, पुढे कंपनीच्या यंत्रणेत ते उघडं असतं. टेलिग्रामवरच्या नेहमीच्या गप्पांनाही दोन टोकांचं कुलूप नसतं. ते फक्त त्यांच्या 'सीक्रेट चॅट'ला असतं, आणि हे अनेकांना माहीतच नाही.

टूजीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपल्या खेड्यांत अजून बटनाचे फोन आणि टूजीची रेंज आहे. टूजीचं जुनं कुलूप १९८० च्या दशकातलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत जर्मन तज्ज्ञ कार्स्टन नोल यांनी ते फोडता येतं हे जगाला दाखवलं. खोटा टॉवर उभा करणारी यंत्रं फोनला मुद्दाम टूजीवर खाली ओढतात. तुमच्या गावात फोरजी नीट मिळत असेल आणि फोन अलीकडचा अँड्रॉइड असेल, तर सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करायचं बटन शोधा. जिथे टूजीशिवाय रेंजच नाही तिथे बंद करू नका, फोन लागणं महत्त्वाचं. फक्त बँकेचं आणि घरातलं नाजूक बोलणं तालुक्याला आल्यावर करा.

रुमालाच्या दोन मर्यादा. पहिली, व्हॉट्सअॅपची बॅकअप प्रत गूगल ड्राइव्हवर जाते, तिला वेगळं कुलूप लावावं लागतं. २०२१ पासून ती सोय आहे, सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' नावाने. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर प्रत कुणालाच उघडता येत नाही, आणि तुमच्यासाठी राजवाडे येणार नाहीत. दुसरी, काय बोललात ते झाकलं तरी कुणाशी, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून बोललात ते झाकलं जात नाही. ही नोंद, तिला सीडीआर म्हणतात, कंपन्यांना किमान दोन वर्षं जपून ठेवावी लागते. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकल्याच्या आरोपावरून खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. "फोन काढून देतो, सगळी माहिती काढून देतो" म्हणणाऱ्याकडे लग्नाच्या चौकशीसाठी किंवा भाऊबंदकीच्या वादात जाऊ नका. विकत घेणाराही गुन्ह्यात ओढला जातो.

पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यासाठी दोन शब्द. २०१९ मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १४०० फोनांवर सोडलं गेल्याचं व्हॉट्सअॅपने उघड केलं, आणि त्यात आपल्या राज्यातले वकीलही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने पुढे २९ फोन तपासले; पाच फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. अशा हल्ल्यापुढे रुमाल टिकत नाही, कारण तो हातातच शिरतो. फोन नेहमी अद्ययावत ठेवा, रोज एकदा बंद-चालू करा, आयफोन असेल तर 'लॉकडाउन मोड' वापरा, आणि ज्या माणसाचं नाव फुटलं तर त्याचा जीव धोक्यात येईल, त्याच्याशी फोन घरी ठेवून समोरासमोर भेटा.

बाकी आपण सगळ्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास काढावा. घरातले सगळे फोन एका जागी आणा, मायचा आणि आजोबांचा आधी घ्या. कॉल कुठे वळवलेत का, व्हॉट्सअॅप कुठे जोडलंय का, पिन आहे का, सिम कुणाच्या नावावर आहे, एवढं पाहा. प्रत्येकाच्या फोनमध्ये १९३० हा नंबर 'सायबर' या नावाने साठवा. कुणाचे संदेश वाचू नका. ज्याचा फोन त्याच्याच हातात ठेवून हे करा. आणि घरात काम करायला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांचा फोन कुणी तपासून दिलाय का. नसेल, तर तोही बघून द्या.